तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीलचेअर कुठे पाठवू?

मी मिरजेची फिजिओथेरपिस्ट. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत काही महिने काम करून आले, तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "तिथल्या अपंग मुलांना व्हीलचेअर द्यायचीय, कुठे पाठवू?"

इतक्यात नको, म्हटलं की माणसं जरा दुखावतात.

२०१७ च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून ७ लाखांहून जास्त रोहिंग्या जीव मुठीत धरून तिथे आले. कॉक्स बाजार भागातल्या कुतुपालोंगच्या टेकड्यांवरची झाडी तोडून बांबू-ताडपत्रीची घरं उभी राहिली. चढउतारावर वाळूच्या गोण्या रचून केलेल्या पायऱ्या, आणि पावसाळ्यात दरडी. एका घरात व्हीलचेअर होती. तिच्यावर तांदळाची गोणी ठेवलेली, आणि नऊ वर्षांचा मुलगा आईच्या कडेवर. संडास उताराखाली होता. दिवसातून किती खेपा, हे मी त्या बाईला विचारलं नाही. तिची कंबर तपासताना कळलंच.

बरं, ही मुलं मुळात सापडायला हवीत. "घरात कुणी अपंग आहे का?" म्हटलं की उत्तर येतं, नाही. लाज असते, भीती असते. म्हणून युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप (अपंगत्वाची माहिती कशी गोळा करायची ते ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) यांच्या प्रश्नावलीत तो शब्दच येत नाही. याच वयाच्या इतर मुलांपेक्षा याला चालायला जड जातं का, असं विचारायचं. मग आई आतल्या पडद्याकडे बघते.

त्या नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसणं. अशा मुलाला झोपवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, त्यातून न्यूमोनिया होतो. आधी त्याला नीट बसवायचं. पुठ्ठ्याचे थर खळीनं चिकटवून, वाळवून त्याच्या मापाची बैठक करता येते. त्या मुलाची आम्ही अशीच केली. मान सावरल्यावर त्याला दारातून रस्ता दिसायला लागला, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडायला लागला. शेजारी वैतागले. आईला मात्र दोन्ही हात मोकळे मिळाले.

व्हीलचेअर वाईट नाही हो. सपाट भागातल्या मुलांचं तिच्यावाचून अडतं. पण बेमापाची खुर्ची पाठ वाकवते, जखमा करते. तेव्हा पैसे द्यायचेच असतील तर संस्थेला एवढं विचारा, सहा महिन्यांत मूल वाढलं की पुन्हा माप घ्यायला कोण जाणार?