आईचा अंगठा, बाबांचा नंबर

कोपरखैरण्याचं घर आईच्या नावावर आहे. २०२४ च्या दिवाळीनंतर ते भाड्याने दिलं, तेव्हा करारासाठी एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन आमच्या नौपाड्याच्या घरी आला. भाडेकरू क्षणात मोकळा झाला. आईचा अंगठा काही जुळेना. साबणाने धुतला, पदराला पुसला, व्हॅसलीन चोळलं, मग एकेक करत दहाही बोटं झाली. तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बोटांवर रेषा राहणार कुठून? "काकू, आधार अपडेट करून घ्या, मग येतो," म्हणून तो गेला.

आईला हे फार लागलं. ती शहाद्याची. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला तिच्याच तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, हे ती पाहुण्यांना आवर्जून सांगते.

अपॉइंटमेंट घेण्याआधी मी आधारच्या साइटवर तिचा आधार नंबर तपासला. त्याला जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसले आणि पोटात गोळा आला. तो बाबांचा नंबर होता. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, सिम आम्हीच बंद केलेलं. सहज फोन लावून पाहिला तर पलीकडून कोणीतरी म्हणालं, "हां, कौन?" म्हणजे आईचे ओटीपी इतके दिवस या भल्या माणसाकडे जाऊ शकत होते. त्या बिचाऱ्याचा काय दोष, बंद नंबर कंपन्या दुसऱ्याला देतातच.

मोबाइल नंबर बदलायला कागद लागत नव्हते, पण तेव्हा स्वतः जावं लागायचं. पोस्टातल्या केंद्रावर अडीच तास बसलो. तिथेही बोटं रुसली. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांनी काम झालं. बोटांचे ठसेही नव्याने घेतले. केंद्रावरची मुलगी सांगत होती, भांडी घासणाऱ्या, वीटभट्टीवरच्या बायकांचं रोज हेच.

नवा नंबर जोडला गेला तशी आईच्या आधारची हिस्ट्री उघडली. सहा महिन्यांत कुठे कुठे आधार वापरलं गेलं ते तिथे दिसतं. एजंटकडचे फसलेले प्रयत्न ओळीने होते. एक नोंद मात्र ओळखीची वाटेना. आईनेच आठवून सांगितलं, "अगं, गॅसवाला मुलगा दारात आला होता ना, केवायसीला!" करार झाल्यावर बायोमेट्रिक लॉक करून टाकलं. आता ठसा हवा असेल तेव्हा आधी अनलॉक करायचं, एवढाच व्याप.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मी आईचं फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार दिलं. त्यांना पूर्ण हवं होतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलंय, असं मी सुनावलं. "ते ठीक आहे हो ताई, पण फाइल पूर्ण लागते." बरीच घासाघीस झाल्यावर मास्क्डच ठेवून घेतलं.

घरी येऊन तावातावाने हे सांगत होते, तर आई उठली आणि कपाटातून जुनी पिशवी घेऊन आली. आधीच्या तीन भाडेकरूंच्या आधारच्या झेरॉक्स, एकावर फोडणीच्या तेलाचा डाग, सगळ्यांवर बाराही आकडे स्वच्छ. "यांचं काय करायचं मग?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शिवणाची कात्री उचलली.