मादी कुठेच दिसेना

मे महिन्यात गंगटोकला गेलो होतो. खोलीच्या खिडकीसमोरच्या पत्र्याच्या छपरावर सकाळीच चिमण्यांचा गलका सुरू व्हायचा. तपकिरी पाठ, काळा गळा. आपल्या अंगणातल्या चिमण्या इथेही आहेत म्हणून बरं वाटलं, आणि पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी खटकलं. साताऱ्यात आमच्या दारात आठ-दहा चिमण्या दाणे टिपत असल्या, तर त्यांत काळा गळा नसलेल्या, फिक्या मातकट माद्या असतातच. इथे सगळ्यांचेच गळे काळे. छपरावर पाहिलं, लाल बाजारात पाहिलं, एम. जी. मार्गावर बाकांखाली पाहिलं. मादी काही सापडेना. त्यातच एक जोडी पत्र्याखालच्या फटीत आळीपाळीने अळ्या घेऊन शिरताना दिसली. दोघांचेही गळे काळे! दोन नर मिळून पिल्लं भरवतायत, हे काही पटेना.

मग दुर्बीण काढली. पांढऱ्या गालाच्या मधोमध काळा ठिपका होता, बाळाला तीट लावावी तसा. माथा अख्खा विटकरी. मानेभोवती पांढरी पट्टी. गळ्यावरचा काळा रंगही हनुवटीपुरताच, आपल्या चिमण्यासारखा छातीवर उतरलेला नाही.

हिमालयात रसेट स्पॅरोही असते, तिच्या नराचा माथाही तांबूस, म्हणून थोडा अडलो. पण तिच्या गालावर ठिपका नसतो आणि नर-मादी वेगळे दिसतात. पुस्तकातली चित्रं शेजारी ठेवल्यावर शंका उरली नाही: युरेशियन ट्री स्पॅरो, पासर मोन्टॅनस. हिच्यात नर-मादी सारखेच! मी तीन दिवस शोधत होतो ती मादी रोज समोरच बसत होती.

नावात झाड असलं तरी ईशान्येकडच्या कितीतरी गावांत घराघरांतली चिमणी हीच. चीनमध्ये १९५८ साली धान्य खाते म्हणून जिला थाळ्या-ढोल बडवून दमवून मारलं, तीही हीच. पुढे किडींनी पिकं खाल्ली. पिल्लांसाठी चोचीत अळ्या धरलेली ती जोडी डोळ्यांसमोर असताना हे वाचलं आणि फार वाईट वाटलं.

साताऱ्याला परतल्यावर आधी दारातला चिमणा पाहिला. गाल स्वच्छ, आणि माथा मधोमध राखाडी. पन्नास वर्षांत तो राखाडी रंग मी पहिल्यांदाच पाहत होतो.