वर्गात दोन बाई, मग अडतं कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "तुमच्या वर्गात दोन-दोन बाई असतात, मग तुमचं अडतं कुठे?" पालकसभेत, लग्नाकार्यात, अगदी स्टाफरूममध्येही हे विचारून झालंय. काम अर्धं झालं असेल, हेही वर ऐकायचं.

अर्धं झालेलं नाही. कोपरखैरण्याच्या शाळेत मी पाचवीला गणित शिकवते. सोमवारी आणि गुरुवारी स्पेशल एज्युकेटर बाई, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेल्या विशेष शिक्षिका, माझ्या तासाला येतात, बाकीचे दिवस संस्थेच्या दुसऱ्या शाळेत. इथे आल्या की कुणीतरी रजेवर असतं आणि त्यांना ऑफ तासाला पाठवलं जातं. त्या नकोत असं मी कधीच म्हटलेलं नाही, हे आधी नीट ऐकून घ्या.

त्या दिवशी भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज चालू होती. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. ज्याच्यासाठी बाई येतात त्याच मुलाला मी फळ्यापाशी बोलावलं, कारण आदल्या दिवशी त्याने दोन आणि तीनचा लसावि वहीत स्वतः काढला होता. हे मी पाहिलं होतं, त्यांनी नाही. तो खडू घेऊन उभा राहिला. वेळ लागणार हे ठाऊक होतं, मी थांबले. वर्गही थांबला. त्याने छेदात सहा लिहिला आणि अंशापाशी अडला. तेवढ्यात बाई मागच्या बाकावरून उठल्या, घोटीव कागदाच्या पट्ट्या त्याच्या हातात देत म्हणाल्या, "बाई, याला नुसतं फळ्यावर नको. पट्ट्यांवरच करायचं ठरलंय."

ठरलं होतं, पण त्यांच्या फाइलमध्ये. मुलाला काय आणि कसं शिकवायचं, त्या वैयक्तिक आराखड्याची ती फाइल ऑफिसच्या कपाटात असते.

मी म्हटलं, "पट्ट्या नंतर, आधी त्याला करू द्या." त्या म्हणाल्या, "दिसल्याशिवाय त्याला कळणार नाही." एका हातात खडू, एका हातात पट्ट्या, मुलाने दोघींकडे पाहिलं. "कुणाचं ऐकू?" मागून कुणीतरी हसलं. त्याने डस्टर घेतलं, सहा पुसला आणि जागेवर जाऊन बसला.

तो सहा बरोबर होता.

कित्येक दिवस मी धुमसत होते. मी थांबले त्यात चुकलं असं आजही वाटत नाही. पण अर्ध्याच्या पट्टीवर सहाव्या भागाचे तीन तुकडे बसतात आणि तिसऱ्या भागावर दोन, हे हाताने लावून पाहिलं असतं तर तो अंशापाशी अडलाच नसता, हे त्यांचं म्हणणंही मला खोडता येत नाही. विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव असलेल्या, विशेष शिक्षणात बीएड केलेल्या बाई आहेत त्या. पगार माझ्याहून कमी, करार दरवर्षी नवा. त्यांच्या जागी मी असते तर एवढ्या जीव तोडून उठले असते का, सांगता येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, अध्ययन अक्षमताही, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली कायमची अडचण, त्यात आली. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. सगळं बरोबर. पण दोघींनी बसून उद्याचा धडा कधी ठरवायचा? आमच्या वेळापत्रकात दोघींची मिळून एकही मोकळी तासिका नाही. आमचं बोलणं होतं ते जिन्यात, किंवा रिक्षाच्या रांगेत.

पूर्वीची मी म्हणायचे, अशा मुलांना वेगळी शाळाच बरी. तिच्याशी मी आता भांडते. या मुलाला वर्गात मित्र आहेत, डब्याला त्याची वाट पाहतात, ते तिला दिसत नव्हतं. पण मूल नुसतं बाकावर बसवलं म्हणजे सामावून घेतलं असं होत नाही, हेही तीच म्हणायची. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

या जूनला सोमवारची एक तासिका दोघींना एकत्र मोकळी द्या, असं मी लेखी दिलंय. फाइलची एक प्रतही मागितली आहे. उत्तर आलेलं नाही. पट्ट्यांवरही आमचं एकमत नाही. दिवाळीनंतर हळूहळू काढून घ्याव्यात असं मला वाटतं. त्या म्हणतात, वर्षभर राहू द्या, तो स्वतःच बाजूला ठेवेल.