मॉन्स्टरला काय माहीत आहे? कॅम्पेनची नोंदवही, सेशन ११ ते १६

मागची नोंद गढीच्या दारात संपली होती. पार्टी, म्हणजे खेळाडूंची पात्रं, तीच: विझर्ड (जादूगार), क्लेरिक (पुरोहित), फायटर (लढवय्या) आणि रोग (चोरटा). सुरुवातीला सगळे पाचव्या लेव्हलवर होते, आता सहाव्या. खेळतोय डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती, मी डीएम म्हणजे खेळ आणि मॉन्स्टर चालवणारा, २०१४चे नियम, फक्त एक अपवाद आहे आणि तो पुढे येईल. या सहा सेशनांत मी एक स्पेल (मंत्र) कापला म्हणजे कमजोर केला, परत होता तसा केला, मॉन्स्टरांना शहाणं केलं आणि मग नको तितकं शहाणं केलं.

सेशन ११. गढीचं अंगण, बारा हॉबगॉब्लिन, म्हणजे शत्रूचे सैनिक. नकाशा काढायला दोन संध्याकाळी गेल्या होत्या. पहिल्याच राउंडला विझर्डने हिप्नॉटिक पॅटर्न टाकला, शत्रूंना जागीच थिजवणारा स्पेल. तीस फुटांचा घन, म्हणजे ग्रिडवर सहा बाय सहा चौकोन. त्यात माझे नऊ जण दाटीवाटीने उभे, कारण मिनी (छोट्या बाहुल्या) ठेवताना मला रांग छान दिसत होती. वाचायला वीस बाजूंच्या फाशावर सेव्ह टाकायचा. विझर्डचा सेव्ह डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ आणि हॉबगॉब्लिनचा विस्डम सेव्ह +०, म्हणजे सत्तर टक्के वेळा फसणारच. नवांपैकी सात जण डोळे विस्फारून जागच्या जागी थिजले. उरलेल्या पाचांना फायटर आणि क्लेरिकने आधी लोळवलं, मग थिजलेल्यांना एकेक करून. चार राउंडांत खेळ खल्लास. सगळे खूश होते. मी घरी जाताना धुसफुसत होतो.

सेशन १२च्या आधी मी जाहीर केलं की हिप्नॉटिक पॅटर्नला दर टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह मिळणार. विझर्ड खेळणारी काही बोलली नाही. तेव्हाच संशय यायला हवा होता. गढीच्या मागच्या फाटकावर आठ हॉबगॉब्लिन होते, तिने सरळ फायरबॉल टाकला. वीस फूट त्रिज्या, सात जण आत, ८डी६चे (सहा बाजूंच्या आठ फाशांचे) सत्तावीस आले. हॉबगॉब्लिनचे हिट पॉइंट अकरा. सेव्ह झाला तरी अर्धे म्हणजे तेरा, तोही मेलाच. मी मुकाट्याने सेव्ह टाकत बसलो होतो, ज्यांचा काही उपयोगच नव्हता.

डीएमच्या पुस्तकात स्वतःचे स्पेल बनवण्यासाठी एक तक्ता आहे. तिसऱ्या लेव्हलच्या आणि अनेकांना लागणाऱ्या स्पेलसाठी त्यात ६डी६ सुचवलेत. फायरबॉल ८डी६ देतो, म्हणजे सरासरी एकवीसच्या जागी अठ्ठावीस. तो मापाबाहेरचा आहेच, आणि तो तसाच राहू द्यावा या मताचा मी आहे. पण मग माझी कात्री कुठे चालली होती? जो स्पेल कुणाला मारत नाही, ज्यावर कॉन्सन्ट्रेशन लागतं (घाव बसला की सेव्ह टाकायचा, फसला तर स्पेल तुटतो), जो एका धक्क्याने सुटतो, त्यालाच मी कापलं होतं. आणि ज्याला काहीच अट नाही त्याच्याकडे खेळाडूला ढकललं होतं. नर्फ, म्हणजे ही काटछाट, त्याच रात्री मागे घेतला.

त्यानंतर स्पेलचं वर्णन पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारला. थिजलेल्याला दुसऱ्या कुणी एक ॲक्शन खर्चून गदागदा हलवलं तर तो शुद्धीवर येतो! अकराव्या सेशनला माझे पाच हॉबगॉब्लिन मोकळे होते. पुढच्या टर्नला त्यांनी पाच सोबत्यांना जागं केलं असतं तर लढाई वेगळीच झाली असती. मी ते विसरलो होतो आणि राग मात्र स्पेलवर काढला होता. (यावर टेबलावर कुणी चकार शब्द काढला नाही. का काढतील?)

सेशन १३साठी मी पहिल्यांदा मॉन्स्टरांच्या आकड्यांऐवजी त्यांच्या सवयी लिहिल्या. हॉबगॉब्लिन म्हणजे कवायती सैनिक. त्यांची मार्शल ॲडव्हान्टेज बघा: ज्याला मारायचं त्याच्या पाच फुटांत आपला एक सोबती असला की टर्नमधून एकदा २डी६ जास्तीचे. त्यासाठी बाराजणांनी खांद्याला खांदा लावायची गरज नाही, एक जोडीदार पुरतो. म्हणून तिघांच्या टोळ्या केल्या, दोन ढाली पुढे आणि एक लाँगबोवाला धनुर्धारी मागे. दोन टोळ्यांमध्ये नऊ-दहा चौकोन अंतर. फायरबॉलचा घेर ग्रिडवर आठ चौकोन रुंद, त्यामुळे एका स्पेलला एकच टोळी सापडते. आणि कुणी थिजला तर शेजारच्याने आधी त्याला हलवायचं.

याच सेशनला कॉन्सन्ट्रेशनचं एक गणित नीट कळलं. लागलेल्या डॅमेजचा निम्मा किंवा दहा, यातला मोठा आकडा म्हणजे डीसी. आमच्या विझर्डचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह +२. सोळाचा एकच घाव बसला तर डीसी १०, टिकण्याची शक्यता पासष्ट टक्के. तेच सोळा तीन बाणांत विभागून लागले तर डीसी १० तीनदा, आणि तिन्ही वेळा टिकण्याची शक्यता जेमतेम सत्तावीस टक्के. डॅमेज तेवढाच! तेव्हापासून माझ्या धनुर्धाऱ्यांना मी तुच्छ लेखत नाही. लढाई सात राउंड चालली, स्पेल दोनदा तुटला, क्लेरिक एकदा आडवा झाला. त्या रात्री मी शीळ घालत घरी गेलो.

आणि म्हणूनच सेशन १४ला माती खाल्ली.

पार्टी हमालांच्या वेशात रसदेच्या तांड्यातून चालली होती. विझर्डच्या अंगावर घोंगडी, डोक्यावर पोतं. टेहळणीवरच्या चार हॉबगॉब्लिनांना संशय आला, इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) टाकला आणि चौघांनी पहिला बाण सोडला तो थेट तिच्यावर. ती खेळणारी शांतपणे म्हणाली, "यांना कसं कळलं की विझर्ड मी आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना कळलंच नव्हतं, मला माहीत होतं. मी त्यांना शहाणं केलं नव्हतं, माझं डोकं त्यांच्या धडावर बसवलं होतं. त्याच लढाईत एका शत्रू जादूगाराने तिचा फायरबॉल काउंटरस्पेलने हाणून पाडला, आणि तिथेही मी लबाडीच केली होती. तिने नाव घेतल्यावर मी ठरवलं की हा थांबवण्यासारखा आहे. आधीच्या दोन किरकोळ स्पेलांना त्याच जादूगाराने हातही हलवला नव्हता.

आता टेबलावर पद्धत अशी: खेळाडूने आधी फक्त "स्पेल टाकतेय" म्हणायचं, मी काउंटरस्पेल वापरणार की नाही ते सांगायचं, मग नाव. मॉन्स्टर टाकत असेल तेव्हा उलट. सुरुवातीला जीभ घसरायची, आता सवय झाली. वर म्हटलेला अपवाद हाच: काउंटरस्पेलपुरता आम्ही २०२४चा नियम घेतलाय. जुन्या नियमात तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पेल आपोआप रद्द व्हायचा. नव्यात टाकणाऱ्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मिळतो, आणि फसला तरी स्लॉट (स्पेल टाकण्याची मोजकी संधी) वाया जात नाही. सेशनभर वाट पाहून काढलेला स्लॉट हवेत विरून जाण्याचं दुःख त्यामुळे बरंच कमी होतं.

मुख्य बदल मात्र वहीत झाला. प्रत्येक टोळीपुढे एक रकाना आखला: 'काय पाहिलं'. रकाना कोरा असेल तर ते समोरच्या ढालवाल्याशी लढतात, कारण कुणीही तेच करेल. लढाईत एखादा स्पेल दिसला की पुढच्या टर्नपासून त्यावर वागायचं. आणि कुणी पळून गेला तर त्याने पाहिलेलं पुढच्या टोळीच्या रकान्यात जातं. पळण्यासाठी १९८१च्या बेसिक नियमांतला मोराल (मनोधैर्य) उचलला: पहिला सोबती पडल्यावर आणि अर्धे संपल्यावर २डी६ टाकायचे, ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त आले की धूम. हॉबगॉब्लिनांना मी आठ दिलाय, म्हणजे दर वेळी साधारण अठ्ठावीस टक्के.

सेशन १५ छोटं. वाटेत लांडगे होते. इंटेलिजन्स तीन, रकाना कोरा आणि कोराच राहणार. दोघं मेल्यावर उरलेले पळाले. हिप्नॉटिक पॅटर्नने थिजलेल्या लांडग्याला दुसऱ्याने नाकाने ढोसलं तर तो जागा होईल का, यावर आम्ही वीस मिनिटं वाद घातला. मी नाही म्हटलं. अजून खात्री नाही.

सेशन १६ला कॅप्टन भेटला आणि इथे मला या आवृत्तीबद्दल आदर वाटला. हॉबगॉब्लिन कॅप्टनची लीडरशिप चालू असताना तीस फुटांतल्या सोबत्यांना हल्ल्यावर आणि सेव्हवर जादा डी४ (चार बाजूंचा फासा) मिळतो. डीसी १५ला तीस टक्क्यांवरून साडेबेचाळीस. पण तीस फूट म्हणजे पॅटर्नच्या घनाची नेमकी बाजू! डी४ हवा तर कॅप्टनभोवती गोळा व्हा, आणि गोळा झालात की एकाच स्पेलमध्ये बरेच जण सापडा. शिवाय कॅप्टनच थिजला तर लीडरशिप बंद. चौदाव्या सेशनमधून एक टेहळ्या निसटला होता, त्यामुळे कॅप्टनच्या रकान्यात 'आगीचा गोळा' आणि 'बाई, घोंगडी' असं लिहिलेलं होतं. म्हणून त्याने डी४ सोडून माणसं लांब लांब पांगवली. क्लेरिकने स्पिरिट गार्डियन्स लावले आणि चालत सुटला: पंधरा फुटांत शत्रूची चाल निम्मी, दर टर्नला ३डी८. पांगलेल्या टोळ्यांना एकमेकांच्या मदतीला पोचताच येईना. विझर्डने तो सबंध वेळ फक्त फायर बोल्ट टाकले आणि बाण अंगावर ओढून घेतले. कॅप्टन पडला, एक जण हाती लागला.

त्या कैद्याचं काय करायचं यावर पार्टीची खलबतं झाली. रोग म्हणाला मारा. विझर्डने सगळ्यांना थांबवलं, मायनर इल्यूजनने (छोटा आभास दाखवणाऱ्या स्पेलने) आपल्या झोळीत ड्रॅगनचं एक अंडं दाखवलं, कैद्यासमोर ते घाईघाईने झाकलं आणि रात्री त्याच्या दोऱ्या सैल सोडल्या. त्याच्यासाठी इन्व्हेस्टिगेशनचा (आभास ओळखण्याचा) रोल मी उघड्यावर टाकला. चार.

म्हणजे सतराव्या सेशनच्या टोळीच्या रकान्यात मला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं: 'त्यांच्याकडे ड्रॅगनचं अंडं आहे, आई मागावर असणार.' आता नकाशा पुन्हा काढतोय. खिंडीवर चढवलेले सगळे धनुर्धारी खाली आणून गुहांत दडवायचे आहेत, आणि गुहांची तोंडं रुंदीला जेमतेम तीन चौकोन आहेत.