ओसेर ते देसीझ: नीव्हर्नेच्या कालव्याकाठी पाच दिवस सायकलवर

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलवर जायचं असेल तर किलोमीटरचं गणित नंतर करा, आधी पावाचं करा. हे सुरुवातीलाच सांगते, कारण निघण्याआधी मी महिनाभर नुसते नकाशे आणि चढ बघत बसले होते आणि चढ तर तिथे फारसे नाहीतच, अडचण आली ती जेवणाच्या वेळेची.

मी सांगलीची, वय ५१, रोज सकाळी २०-२५ किमी चालवते, त्यापेक्षा जास्त तयारी नव्हती. माझी मावसबहीण पॅरिसजवळ राहते, सायकली तिच्या घरच्याच, आणि तिला फ्रेंच बऱ्यापैकी येतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात शनिवारी सकाळी पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून टीईआर गाडीने ओसेरला उतरलो. टीईआर म्हणजे तिकडची प्रादेशिक रेल्वे, सायकल डब्यात सोबत नेता येते पण जागा मोजक्याच असतात, त्यामुळे गाडी सुटायच्या अर्धा तास आधी फलाटावर हजर राहा.

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेताचं पाणी येतं, पाटबंधारे खातं येतं. हा कालवा बोटींचा आहे. १७८४ साली काम सुरू झालं आणि पुरं व्हायला जवळजवळ ६० वर्षं लागली, कारण काय तर पॅरिसला जळाऊ लाकूड हवं होतं आणि ते मोर्व्हांच्या जंगलात होतं. एकूण लांबी १७४ किमी, योन नदीवरच्या ओसेरपासून ल्वार नदीवरच्या देसीझपर्यंत. मधे चढ आला की लॉक, म्हणजे पाण्याचा जिनाच, अशी शंभरावर लॉक आहेत. काठाने जी वाट आहे तिच्यावरून पूर्वी घोडे आणि माणसं दोराने बोटी ओढत चालायची, आता तीच सायकलची वाट झालीय, म्हणून ती सपाट आहे, लॉक आलं की तेवढा दोन-तीन मीटरचा चढ, संपलं.

ओसेरमध्ये घाई करू नका. साँ-जेर्मां मठाच्या तळघरात नवव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, ती बघून दुपारी निघालात तरी चालतं. पहिल्या दिवशी आम्ही ४० किमीच केले. बाईयी गावाला डोंगरात दगडाच्या जुन्या खाणी आहेत, त्यात आता वाइन ठेवतात, बाहेर ऊन रणरणत असताना आत स्वेटर घालावासा वाटतो. पुढे सोसुआचे चुनखडीचे कडे नदीवर सरळ उभे, त्यांवर चढाई करणारी पोरं दोरांना लटकलेली, आम्ही काठावर बसून तासभर तेच बघत होतो.

लॉक कसं चालतं ते एकदा नीट थांबून बघाच. बोट आत येते, मागची दारं बंद होतात, मग लॉकवाला पुढच्या दाराजवळचा लोखंडी क्रँक फिरवतो, दाराच्या तळची झडप उघडते आणि पाणी आत उसळायला लागतं. बोट इतकी हळू वर येते की आधी नुसत्या टोप्या दिसतात, मग चेहरे, मग टेबलावरचे कॉफीचे कप. एका लॉकवर त्या माणसाने क्रँक माझ्या हातात दिला, विहिरीचा रहाट ओढल्यासारखा जोर लागतो, पहिले दोन फेरे जड आणि मग सुटतं. हे सगळं अजून हाताने चालतं आणि ती माणसं ते मनापासून करतात, मला हा कालवा आवडला तो त्यामुळेच.

आता पावाचं. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद, सोमवारी बऱ्याच बूलांजरी, म्हणजे पावाच्या बेकऱ्या, बंद, आणि एरवीही गावातली दुकानं १२ ते २ बंदच धरून चाला. रेस्टॉरंटमध्ये दुपारचं जेवण १२ ते २, रात्रीचं ७ ते ९, सव्वादोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि कितीही विनवण्या केल्या तरी ते उघडत नाही. आमचा सोमवार क्लामसीच्या पुढे आला. पहिल्या गावात बेकरी बंद, दुसऱ्या गावात बेकरीच नाही, तिसऱ्यात एक कॅफे होता तोही बंद, सगळ्या खिडक्या ओढून घेतलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरून आणलेल्या दशम्या आदल्या दिवशीच संपलेल्या आणि पिशवीत फक्त शेंगदाण्याची चटणी. साडेबाराला एका लॉकपाशी सावलीत बसलो. लॉकवाल्यांचीही जेवायची सुट्टी असते, १२ ते १, तोवर बोटीसुद्धा रांगेत गप उभ्या. तो माणूस घरातून बाहेर आला, बहिणीने आधी "बोंजूर मस्यू", म्हणजे नमस्कार साहेब, म्हटलं आणि मग पाव कुठे मिळेल विचारलं. तो आत गेला आणि अर्धा बागेत, म्हणजे तिकडचा लांबट पाव, लोण्याचा तुकडा आणि परसातले मुळे घेऊन आला, पैसे घेईना. मग मी चटणीचा डबा पुढे केला. त्याने लोणी लावलेल्या पावावर चटणी पसरली, एक घास खाल्ला, डबा उचलून वास घेतला आणि बहिणीला विचारलं की यात लसूण आहे ना. निम्मी चटणी त्याला कागदात बांधून दिली. तर शनिवारीच रविवार-सोमवारचं घेऊन ठेवा, चीज, फळं, थोडा सुका मेवा, आणि बोंजूर म्हटल्याशिवाय कुणाला काही विचारू नका, तिकडे तो सरळ उद्धटपणा समजतात.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही पण तेच तेच खावं लागेल, ऑम्लेट चालत असेल तर सोपं, नाहीतर गरम शेळीच्या चीजचं सॅलड. हॅम नको हे आधीच सांगा, नुसतं मांस नको म्हटलं तर कधीकधी हॅमचे तुकडे येतात.

पाण्याची युक्ती बहिणीने शिकवली. गावाच्या दफनभूमीत नळ असतोच, फुलांना पाणी घालायला, सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात, फक्त "पिण्यायोग्य नाही" अशी फ्रेंच पाटी आहे का बघून घ्या, 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर नको. ब्रेव्हला आम्ही अशाच पाण्यासाठी आत गेलो आणि तिथे रोमाँ रोलाँची कबर आहे. गांधीजींवर, रामकृष्ण-विवेकानंदांवर लिहिणारा हा लेखक क्लामसीचा, १८६६ चा जन्म, १९१५ चं नोबेल त्याला, आणि १९३१ च्या डिसेंबरमध्ये गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या घरी राहून आले होते. क्लामसीत त्याच्या नावाचं म्युझियम आहे ते बघून आलो होतो पण कबर इथे आहे हे माहीत नव्हतं. बाटल्या तशाच खाली ठेवल्या आणि थोडा वेळ उभ्या राहिलो.

कोर्बिन्यीनंतरचा भाग सगळ्यात सुंदर. सार्दीला साडेतीन किमीत १६ लॉक, एकापाठोपाठ एक, प्रत्येकाला छोटं घर, काही घरांत आता कलाकार राहतात. मग कोलांसेलचे बोगदे, सगळ्यात लांब ७५८ मीटर, बोटी त्यातून जातात, सायकलची वाट वरून जंगलातून जाते. पण सायकल लावून खाली खिंडीत उतराच, दोन्ही बाजूंना उंच खडक, नेचे, शेवाळ, पाणी काळंभोर आणि जूनमध्येही अंगावर काटा येईल असा गारवा. वर बाए गावाला तळं आणि कालवा शेजारी शेजारी, मधे फक्त बांध, संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड होता आणि आम्ही त्या बांधावरून उठलोच नाही.

या टप्प्यापासून दक्षिणेला वाट सगळीकडे सारखी नाही, कुठे खडी, कुठे गवतातली चाकोरी, कुठे साध्या गावरस्त्यावर जावं लागतं. ३५ मिमी किंवा जाड टायर घ्या. व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर तसाच पंप बरोबर ठेवा, माझं पंक्चर शातियों-आँ-बाझ्वाच्या अलीकडे झालं आणि मी घरून नेलेला पंप त्याला बसेना, सुदैवाने बहिणीकडचा होता. गवतात बसून उठलात की पाय तपासा, गोचीड असते.

रस्त्यावर उजवीकडून चालवायचं हे दोन तासांत अंगवळणी पडतं, घोळ होतो तो वेगळाच. पाटी किंवा पट्टा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही लहान गल्लीतून येवो, आणि गाडीवाले त्या भरवशावर न थांबता येतात. एरवी गाड्या फार सांभाळून जातात, गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचा नियमच आहे. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे. आणीबाणीचा नंबर ११२.

राहायला बऱ्याच गावांत नगरपालिकेचं कॅम्पिंग असतं, स्वस्त आणि स्वच्छ. दोन रात्री तंबू आणि बाकी घरगुती खोल्या असं आम्ही केलं, खोलीचं बुकिंग आधी करा, खेडी लहान आहेत. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो त्या व्हिसासाठी, मुक्कामाचे पुरावे आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, त्यामुळे मार्ग आधी ठरवावा लागतो, पण दिवसाला ४० किमीच्या वर ठरवू नका, शेवटचा ५० चा दिवस आम्हाला जड गेला, थांबायला वेळच उरला नाही.

बुधवारी संध्याकाळी देसीझला पोचलो, ल्वार नदी तिथे रुंद आणि वाळूची, घाटावर बसल्यासारखं काठावर बसता आलं. गुरुवारी सकाळी नेव्हेरमार्गे बेर्सीची गाडी. स्टेशनवर जायच्या आधी बूलांजरीसमोर सातला उभ्या राहिलो, दोन बागेत घेतले, उरलेली चटणी लावून एक गाडीत संपला आणि दुसरा बहिणीच्या घरी पोचला.