नाशिक ते पिंपळे सौदागर, माशांसकट: चाकणचा हिशेब आधी धरा

घर हलवून नाशिकहून पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे सौदागरला यायला नकाशा पाच तास दाखवतो. टाकीतले शोभेचे मासे बरोबर असतील तर तो आकडा सोडून द्या. वेळ मोजायची ती पहिल्या पिशवीला रबर लावल्यापासून शेवटची पिशवी उघडेपर्यंत. आमचे अकरा तास गेले, आणि त्यातले अडीच एकट्या चाकणच्या वाहतूक कोंडीने खाल्ले.

आधी टाकीबद्दल, कारण फसवणूक तिथूनच सुरू झाली. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. सामान हलवणाऱ्यांकडून बघायला आलेला माणूस छातीठोकपणे म्हणाला, "अर्धं पाणी ठेवा, मासे आतच राहू देत, आम्ही नेहमी असंच नेतो." कुणीही हे सांगितलं तरी ऐकू नका. अशी टाकी भरली की 240 लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे अर्धी ठेवली तरी 120 किलो पाणी, वर 10 मिमी काचेचे साधारण 50 किलो, शिवाय खडी. एवढं ओझं उचलताना तळाच्या काचेला पीळ बसतो आणि सिलिकॉनचे सांधे सुटतात. गळती लगेच दिसेलच असं नाही, नव्या घरात टाकी भरल्यावर रात्री कधीतरी सुरू होते. टाकी पूर्ण रिकामी, खडीसुद्धा काढलेली, खाली थर्माकोलची जाड शीट आणि चारी बाजूंनी गाद्या, एवढंच योग्य. टेम्पोत ती सपाटच ठेवायची, आणि वर कुणी खोकं ठेवत नाही ना, हे स्वतः उभं राहून बघायचं.

पैशांचं वेगळंच. फोनवर ठरलेल्या रकमेत टाकी धरलेली होती. पिंपळे सौदागरला दारात उतरल्यावर "काचेचा माल" म्हणून 2,500 रुपये जास्त मागितले. मासे पिशवीत आहेत, तुम्हाला घासाघीस करायला वेळ नाही, हे त्यांना बरोबर कळतं. म्हणून टाकीचं माप, दोन्हीकडचा मजला, लिफ्टमध्ये टाकी मावते की जिन्याने न्यावी लागेल, हे सगळं आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि त्यावर "यात सगळं आलं" असं उत्तर मिळवा. तोंडी बोलण्याला शून्य किंमत आहे.

मासे टेम्पोत अजिबात देऊ नका. ते आपल्या गाडीत, एसी चालू ठेवून, थर्माकोलच्या बंद खोक्यात. आत अंधार असला की ते शांत राहतात. निघण्याच्या आदल्या दिवसापासून खाणं बंद, म्हणजे पिशवीतलं पाणी कमी घाण होतं. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. माशांच्या दुकानात तो भरून देतात, तेवढे पैसे द्या, वाचवू नका. पिशव्या दुहेरी लावा आणि खालचे कोपरे चिकटपट्टीने दुमडा, नाहीतर लहान मासे तिथे अडकतात. सकर आणि कोरीडोरस या तळाशी राहणाऱ्या माशांना पिशवीत घालू नका, त्यांचे काटे पिशवी फाडतात. त्यांना झाकणाची बादली आणि बॅटरीवरचा एअरपंप.

फिल्टरच्या स्पंजला आणि रिंगांना नळाचं पाणी दाखवू नका. टाकीच्याच पाण्यात, उघड्या डब्यात, ओले आणा. माशांनी सोडलेला विषारी अमोनिया संपवणारे त्यावरचे जिवाणू कोरडे पडले किंवा हवाबंद डब्यात गुदमरले, तर नवी टाकी पुन्हा पहिल्यापासून तयार करावी लागते.

सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगाव, मंचर: रस्ता चांगला आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. राजगुरुनगर सुटलं की मात्र सावध. चाकणला आंबेठाण चौक आणि तळेगाव चौक या दोन ठिकाणी एमआयडीसीचे कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि दुचाक्या एकमेकांत अशा अडकतात की इंजिन बंद करून बसावं लागतं. इंजिन बंद म्हणजे एसी बंद, आणि मार्च ते मे खोकं तापायला लागतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि माशांना मात्र जास्त लागतो. आम्ही सकाळी आवराआवर करून संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी तिथे पोचलो. माझं स्पष्ट मत आहे, दिवसा निघूच नका. रात्री अकराला पिशव्या बांधा, पहाटे चारच्या आत चाकण पार करा. झोप जाईल, जाऊ द्या.

पोचल्यावरची एक गोष्ट बहुतेक जण उलटी सांगतात. पिशवी उघडून टाकीत तासभर तरंगत ठेवा, थोडं थोडं पाणी घाला, असा सल्ला मिळेल. दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला ते ठीक. दहा-अकरा तासांच्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठल्याने पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) उतरलेला असतो आणि अमोनिया त्या पाण्यात फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया मारक होतो. म्हणून बंद पिशवी वीसेक मिनिटं तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा आणि मासे जाळीने लगेच टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. हे करता यावं म्हणून टाकीचं निम्मं तरी जुनं पाणी कॅनमधून बरोबर आणा, म्हणजे नव्या टाकीतलं पाणी माशांना परकं वाटणार नाही.

उरलेल्या पाण्याची सोय आदल्या दिवशीच बघा. पिंपरी-चिंचवड महापालिका 2019 पासून एक दिवसाआड पाणी देते. तुमचा दिवस चुकला तर सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येईल, आणि बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं, एंजल माशांना ते मानवत नाही. घरमालकाला फोन करून दोन पिंपं महापालिकेच्या पाण्याची भरून ठेवायला सांगा, पोचल्यावर त्यात क्लोरीन घालवणारं अँटीक्लोरीन घाला.

पलंग जोडायच्या आधी फिल्टर चालू झाला पाहिजे. त्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद. पुढचे दोन आठवडे अमोनियाची चाचणी रोज करा, आणि त्यात जरा जरी अमोनिया दिसला तर त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदला.