रोममधले झाकणारे हात

खांदे आणि गुडघे झाकलेले नसले तर व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये सोडत नाहीत. आमच्या पुढच्या एका तरुणाला हाफ पँटवरून मैत्रिणीचा स्कार्फ लुंगीसारखा गुंडाळून घ्यावा लागला. एवढं सोवळं पाळून, गर्दीच्या रेट्याबरोबर दालनामागून दालन पार करत पोचायचं कुठे, तर मिकेलांजेलोने रंगवलेल्या तीनशेहून जास्त माणसांसमोर, आणि त्यातली बहुतेक उघडी.

सोबत आत्या होती. कोल्हापुरात आयुष्यभर चित्रकला शिकवलेली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला शेकडो पोरं बसवलेली. पहारेकरी मधूनमधून "सिलेंझिओ!" म्हणून ओरडत होते आणि गप्प बसलेल्या लोकांना दचकवत होते. आत्या दुर्बीण लावून शांतपणे भिंत बघत होती.

या भिंतीवरचं मिकेलांजेलोचं 'अंतिम न्याय' हे भित्तिचित्र १५४१ साली खुलं झालं. ओरड त्याआधीच सुरू झाली होती. पोपच्या दरबारातला समारंभ-अधिकारी ब्याज्यो दा चेसेना काम बघायला आला आणि म्हणाला, हे हमामखान्यात नाहीतर गुत्त्यात शोभेल. मिकेलांजेलोने त्याचाच चेहरा मिनोसला, म्हणजे नरकातल्या न्यायाधीशाला, चिकटवला. तळाला उजव्या कोपऱ्यात तो अजून उभा आहे, गाढवाचे कान, अंगाभोवती साप, आणि साप चावतोय तो नेमका नको तिथे. ब्याज्यो तक्रार घेऊन पोप तिसरे पॉल यांच्याकडे गेला तेव्हा ते म्हणाले म्हणे, "नरकात माझं काही चालत नाही." पुढे १५४५ मध्ये आरेतिनो या लेखकाने मिकेलांजेलोला पत्र लिहून नीतीचे धडे दिले. हा स्वतः चावट कवनांसाठी गाजलेला गृहस्थ! आक्षेप घेणाऱ्यांची ही जात आपल्याला नवीन नाही.

पण मला आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा, प्रत्यक्ष ब्रश घेऊन झाकायला चढलेल्या माणसाचं कुतूहल जास्त. १५६४ च्या जानेवारीत चर्चने ही नग्नता झाकायचं ठरवलं. पुढच्याच महिन्यात मिकेलांजेलो वारला. काम मिळालं दानिएले दा व्होल्तेर्राला, म्हणजे त्याच्या मित्राला. मिकेलांजेलोच्या अखेरच्या आजारात दानिएले उशाशी होता, मिकेलांजेलोचा ब्राँझमधला अर्धपुतळाही त्यानेच घडवला. त्याच हातांनी संतांना वस्त्रं चढवली. लोकांनी त्याचं नाव पाडलं 'इल ब्राघेत्तोने', चड्डीवाला. चांगला चित्रकार होता बिचारा. पण आज त्याची स्वतःची चित्रं आठवणारे किती, आणि हे टोपणनाव माहीत असणारे किती!

"त्या हिरव्या झग्याकडे बघ," आत्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. "बाकीच्या अंगांत आणि त्या कापडात फरक दिसतोय का?" ती संत कॅथरीन, हातात मोडकं चाक घेतलेली. मुळात ती विवस्त्र होती आणि लोखंडी फण्या घेतलेला संत ब्लेझ तिच्यामागे वाकून तिच्याकडेच बघत होता. लोकांना त्यातून भलतंच दिसलं. बाकी ठिकाणी दानिएलेने वरून कापडं रंगवली, पण इथे छिन्नीने मूळ गिलावाच काढून टाकला आणि ओल्या गिलाव्यावर दोघांना नव्याने रंगवलं. आता कॅथरीन झग्यात आहे आणि ब्लेझ मान वळवून ख्रिस्ताकडे बघतोय. पण वाकलेलं अंग तसंच राहिल्यामुळे त्याची मान कुणीतरी दटावून फिरवल्यासारखी दिसते. १९९४ मध्ये जीर्णोद्धार संपला, तेव्हा नंतरच्या शतकांत चढवलेली बरीच कापडं उतरवली होती, दानिएलेची ठेवली. हा झगा उतरवून खाली मिळणार तरी काय होतं? आधीची भिंत कशी होती ते आता नेपल्समध्ये बघायचं, मार्चेल्लो व्हेनुस्तीने १५४९ मध्ये केलेल्या नकलेत.

ब्याज्योला वाटेला लावणाऱ्या त्याच तिसऱ्या पॉलची समाधी सेंट पीटर्स चर्चमध्ये आहे. दोरीच्या अलीकडून लांबून बघावी लागते. पायथ्याशी न्यायदेवता पहुडलेली, शिल्पकार गुल्येल्मो देल्ला पोर्ता. तिने वस्त्र नेसलंय ते धातूचं, वर संगमरवरासारखा रंग दिलेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते बनवलं गुल्येल्मोच्याच मुलाने, तेओदोरोने. तिकडे मित्र, इकडे मुलगा. घरातल्याच माणसाला हे काम का देत असतील? निदान हळू हाताने करेल म्हणून, असं मला वाटतं.

पँथिऑनच्या मागे सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा हे चर्च आहे, बाहेर पाठीवर ओबेलिस्क, म्हणजे निमुळता दगडी स्तंभ, घेतलेला शिल्पकार बर्निनीचा हत्ती. आत वेदीच्या डावीकडे मिकेलांजेलोचा क्रूस धरलेला ख्रिस्त. तो त्याने नग्न घडवला. कमरेचं ब्राँझचं वस्त्र नंतरचं, आणि ते आजही जागेवर आहे. संगमरवराची पोटरी, मांडी बघत नजर वर सरकते आणि एकदम गडद धातूवर आपटते. आत्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या शाळेची सहल कुंभोजच्या बाहुबलीला जायची. अठ्ठावीस फुटी दिगंबर मूर्ती. पोरं पाया पडायची आणि डबे उघडायची. कुणाला काही सुचलं नाही." मग थोडं थांबून, "पण त्याच पोरांना वर्गात मानवाकृती शिकवायची म्हटलं की पालक हेडमास्तरांकडे."

हे दोन्ही खरं. आपल्याकडेही कस्टम्सने एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी या चित्रकारांची सात चित्रं अश्लील म्हणून अडवली होती. ती सोडवायला २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं.

शेवटी कॅपिटोलाइन टेकडीवरचं संग्रहालय. इथली व्हीनस, प्रेमदेवतेचा संगमरवरी नग्न पुतळा, एका छोट्या अष्टकोनी दालनात एकटी उभी असते. जानेवारी २०१६ मध्ये इराणचे राष्ट्राध्यक्ष रूहानी इथे आले, अब्जावधी युरोंचे करार व्हायचे होते, आणि पाहुण्यांना संकोच नको म्हणून व्हीनससह अनेक नग्न पुतळे पांढऱ्या फळ्यांच्या खोक्यांत बंद केले गेले. लगेचच इटलीत गदारोळ उठला. सांस्कृतिक मंत्री म्हणाले, आम्हाला कुणी विचारलं नाही, हा निर्णय अनाकलनीय आहे. रूहानी म्हणाले, आमच्याकडून असं काही बोलणं झालं नव्हतं. जो तो हात झटकून मोकळा.

मी हे सगळं आत्याला सांगितलं. ती व्हीनसभोवती फेरी मारून, पाठीचा कणा नीट निरखून आली आणि म्हणाली, "म्हणजे चड्डीवाला बरा म्हणायचा. त्याने निदान स्वतःच्या नावावर केलं."